पोपटाच्या बाजूचा हिरवा पंजा

माह्या ननंदेले पाहायले अमरावतीचे पाहुने रविवारी येनार होते, आन त्याच्या आधीच्या मंगळवारी मामाजीनं, म्हन्जे माह्या सासऱ्यानं, खिडक्यायले हिरवा रंग द्यायचं काढलं. दोन वर्सं झाली या गोष्टीले. तवा माहं लेकरू दहा मयन्याचं होतं, आता ते तीन वर्साचं होत आलं, पन अजून कुठं हिरवी खिडकी दिसली की मी आधी त्याचे हात पाहातो, मंग त्याचं तोंड पाहातो.

आमी अकोल्याले जठारपेठेत राहातो. तवाही तिथंच होतो, दोन खोल्या आन मांगं एक पडवी. मामाजी जिनात कापूस तोलायले जात, हे, म्हन्जे माहे मालक, कचेरीत लिखापढी करत, मामीजी, म्हन्जे सासूबाई, घरात राज्य करत, आन मी बाकीचं सारं करत होती. रंगाचं निघालं तवा हे म्हनले, "बाबा, एखादा रंगारी लावू ना." मामाजीले रागच आला.

"रंगाऱ्याले काय चार हात असतात? चाळीस वर्सं पोळ्याले बैलायचे शिंगं रंगवले मी. एका बैलानं तक्रार केली नाई."

बैलानं तक्रार केली नाई हे खरं आहे. पन खिडकीचे गज त्यायनं शिंगासारखेच रंगवले, खालून वर हात नेत, आन वरच्या टोकाले लाल रंग लावू का म्हून मामीजीले इचारलं. मामीजी म्हनल्या, "लावा, आन मंग गळ्यात घुंगरं बी बांधा." मंग लाल राहू दिला.

एवढं सारं काहून, त बाईचं, म्हन्जे माह्या ननंदेचं, हे तिसरं पाहानं होतं. पयले पाहुने म्हनले, नाक बसकं आहे. नाक काय चार दिवसात उभं होते? दुसरे पाहुने शिरा खाऊन, चिवडा खाऊन, "कळवतो" म्हनून गेले, ते अजून कळवूनच राहिले. त्याच्यामुळं मामीजी म्हने, या खेपेले घरात एकही गोष्ट अशी नाई पायजे की पाहुन्याचं बोट तिच्यावर जाईन.

आमच्याकडे पाहुन्यायले पोरगी दाखवायच्या आधी पोरीच्या हातचं काम दाखवतात. पलंगावर भरतकामाचा पलंगपोस टाकायचा, त्याच्यावर पाहुन्या बाईले बसवायचं, आन ते बसली की म्हनायचं, "हे आमच्या पोरीनंच भरलं बरं." आता आमची बाई मॅट्रिकपर्यंत शिकली, सायकल चालवते, खंजिरीवर भजन असं म्हनते की गुरुकुंज आश्रमातल्या भजनी मान्सायनंही मान डोलवावी. पन सुई तिच्या हातात गेली की सुईलेच भेव वाटते. तो पलंगपोस मी भरला होता. दोन पोपट, मधात कमळ, खाली "सुस्वागतम". लेकरू पोटात होतं तवा बसल्या बसल्या भरला.

याच्यात लबाडी नाई असं मामीजीचं म्हननं. घरातलीच सुई, घरातलाच दोरा, घरातलाच पलंग, मंग हात कोनाचा हे कोन इचारते? आन मीही कोन्या तोंडानं बोलू? मले पाहायले आले तवा मामीजीनं ज्या टेबलावरच्या रुमालाचं एवढं कवतिक केलं, तो माह्या वहिनीनं भरला होता. वहिनीले पाहायले गेले तवाचा कोनाचा होता ते मी इचारलं नाई.

त मंगळवारी असं झालं. पलंगपोसाले पेटीतल्या डांबरगोळ्यायचा वास लागला म्हून मामीजीनं तो खिडकीजवळच्या खाटेवर उन्हात टाकला होता. मी लेकराले त्या खाटेवर बसवलं आन चुलीवर दूध उतू जाऊन राहिलं म्हून पळाली. दूध वाचलं. वापस येतो त लेकरू खिडकीचा गज धरून उभं, दोन्ही हातानं, पयल्यांदाच असं उभं राह्यलं होतं ते, आन मी एवढी खूश झाली की रंग माह्या ध्यानातच आला नाई. मंग त्यानं हात सोडले, मटकन खाली बसलं, आन मले हात दाखवले. हिरवे. मनगटापर्यंत. मी त्याले उचलून मोरीत नेलं, घासलेटाचा बोळा लावला, साबन लावला, ते रडलं, मी रडली, हात लाल होईपर्यंत धुतले. मामीजी झोपेल होत्या. मले वाटलं, वाचली बाप्पा, कोनाले काई समजलं नाई.

खाटेवर मी पाह्यलंच नाई. उठल्यावर मामीजीनं पलंगपोसाची घडी केली आन पेटीत ठेवून देल्ली. संध्याकायची वेळ, त्यायलेही दिसलं नाई.

गुरुवारी इस्त्री कराले म्हून त्यायनं घडी उकलली त टर्रकन आवाज आला. घडी चिकटेल होती. आन उकलली तवा डाव्या पोपटाच्या बाजूले एक हिरवा पंजा, पाची बोटं साफ, आन घडीच्या दुसऱ्या अंगाले, उजव्या पोपटाच्या बाजूले, त्याच पंजाचा दुसरा छापा. जसं कोनी दोन्ही पोपटायले थापड मारून राहिलं. दोन दिवसाचा वाळेल रंग. नखानं खरवडला त नख तुटलं, रंग तुटला नाई.

मामीजीनं पंजा पाह्यला. मंग लेकराचा हात उचलून त्या पंजावर ठेवला. बराबर बसला. मंग माह्याकडे पाह्यलं.

"तू कुठी होती?"

"दूध उतू जाऊन राह्यलं होतं, मामीजी."

"दूध उतू गेलं असतं त चूल धुतली असती. हे काय धुशीन? आइक. रविवारी पाहुने याच्यापायी वापस गेले ना, त सोमवारच्या मोटारीनं तुले तिवस्याले पाठोतो. पोरगं घेऊन जाय, आन हा पलंगपोस बी घेऊन जाय, मायले दाखव."

तिवस्याच्या पुढं तीन कोसावर माहं माहेर. बाप नाई, भावाचं घर, भावाले चार पोरं. आमच्याच गल्लीतली एक सून अशीच "चार दिवस माहेरी जाऊन ये" म्हून गेली, ते चार दिवस अजून संपले नाईत. तिचं लेकरू तिथंच चालायले लागलं म्हने. हे माह्या डोक्यात बसलं, आन मंग रविवारपर्यंत मले दुसरं काई सुचलंच नाई. एकच गोष्ट: डाग निघाला त मी घरात, नाई निघाला त मोटारीत.

रात्री यायले सांगतलं त हे म्हनले, "आई बोलते तसं करते थोडी." मी म्हनलं, "गल्लीतल्या त्या बाईच्या नवऱ्यानंही असंच म्हनलं असन." तवा यायनं कूस बदलली.

डाग काढायचा त पयला उपाय मामीजीचा. सोडा टाकून पानी उकळलं, एवढं की वाफेनं पडवी भरली, आन दोन्ही पंजे त्याच्यात बुडवले. काठीनं ढवळत राह्यलो. काढून पाह्यलं त पंजे अजूनच चमकून राह्यले होते, जसे आंघोळ करून आले. आन पोपटाच्या चोचीचा लाल दोरा कच्चा निघाला, त्याचा रंग सुटला आन गळ्यापर्यंत गुलाबी वघळ आला. पोपट पान खाऊन थुकल्यासारखा दिसे.

मामीजी म्हनल्या, "दोरा कोनी घेतला होता?"

दोरा त्यायनंच घेतला होता. मी म्हनलं, "मीच घेतला असन."

दुसरा उपाय शेजारच्या काकूचा. या काकूले सारंच येते. कोनाचं पोट दुखो, कोनाची गाय आटो, कोनाचा जावई रुसो, काकूजवळ ताक आहे. त्या पलंगपोस पाहायले आल्या, कंबरेवर हात ठेवून उभ्या राह्यल्या.

"ताकात मीठ घाला, लिंबू पिळा, उन्हात टाका. माह्या भाच्याच्या लग्नात मंडपवाल्यानं असाच रंग सांडवला होता. डाग कुठी होता ते आता सापडत नाई."

मी इचारलं, "तो असाच वाळेल होता काय, काकू?"

"वाळेल म्हन्जे? दगड होता, दगड!"

शुक्रवारी सकाळी ताक, मीठ, लिंबू लावून पलंगपोस उन्हात टाकला. दुपारपर्यंत जठारपेठेतल्या साऱ्या माश्या आमच्या पडवीत. डाग तसाच, कापडाले आंबट वास, आन एका कोपऱ्यात मुंग्या. काकू पाहायले आल्या, वास घेतला, म्हनल्या, "तुमचं ताक ताजं असन. शिळं पायजे होतं." आन गेल्या. काकूचा उपाय कधी हारत नाई, ताकच हारते.

तिसरा उपाय मामाजीचा. जिनातून आले, कानाच्या मागची विडी काढली, पंजाकडे पाह्यलं आन हसले.

"एवढंच ना? पोळा झाला की शिंगावरचा जुना रंग आमी काचेच्या तुकड्यानं खरवडून काढतो. जाय, एखादी बाटली फोडून आन."

मी म्हनलं, "मामाजी, शिंग टनक असते, हे कापड आहे."

"बैल हालते, तरी निघते. हे त हालतही नाई."

खरं सांगतो, मले हात धरायची छाती झाली नाई. सासऱ्याचा हात सून कशी धरन? त्यायनं गुडघ्यावर पलंगपोस ताणला आन काच फिरवली. रंगाची खपली निघाली, खरंच निघाली, अंगठा अर्धा साफ झाला, मामाजी म्हनले, "पाह्य!", आन दुसऱ्या खेपेले कापडच निघालं. उजव्या पोपटाच्या शेपटीखाली भोक. दोन बोटं जातीन एवढं. मामाजीनं भोकातून बोट घातलं, काढलं, आन म्हनले, "कापड जुनं होतं." मंग त्यायले जिनात काईतरी राह्यल्याची आठवन झाली.

मामीजीनं भोक पाह्यलं. त्यायनं फकस्त माही पत्र्याची पेटी माळ्यावरून काढून पडवीत, दारापाशी ठेवली. एवढंच. मी येता जाता त्या पेटीले पाहे.

चौथा उपाय आमच्या यायचा. यायच्या कचेरीत एक बाबू होता, त्यानं कवातरी सांगतलं होतं, वाळेल रंगाले टरपीन लावा. हे टरपीन, रंगवाले ब्रश धुतात ते. काकूच्या घरी म्हातारे बुवा तेच सांध्यायले चोळत, त्याच्यामुळं वास मले माहीत होता. पन हे पक्के इसरभोळे. शुक्रवारी मी त्यायच्या डब्याच्या झाकनाले आतून चिठी लावली, चवथीपर्यंत शिकली मी, तेवढं लिहिता येते: "टरपीन. नाई त तिवसा." त्या दिवशी आनलं.

आनलं आन स्वतःच ओतलं. "सरक, मी दाखवतो." अर्धी बाटली एकाच जागी. रंग ढिला झाला, पन जाईन कुठी? पसरला. पंजाचा तलाव झाला. कमळाच्या बाजूले हिरवा तलाव, दिसायले वाईट नोता, पन मी तो भरला नोता. हे म्हनले, "बाबूनं किती ओतायचं ते सांगतलं नाई," आन हात धुवायले गेले.

तवा पडवीत मी एकटी राह्यली, मी आन लेकरू आन अर्धी बाटली. इतका वेळ सारे शहाने मले बाजूले सरकवून राह्यले होते, आता सरकवायले कोनी उरलं नाई. मी पाह्यलं की जिथं टरपीन जरासं लागलं होतं, कडेकडेले, तिथं रंग मऊ झाला पन पसरला नाई. मंग मी पलंगपोस उलटा केला. खाली यायच्या जुन्या धोतराची चौघडी ठेवली. कापसाचा बोळा, टरपिनाचे चारच थेंब, आन मांगच्या बाजूनं टिपत गेली. घासायचं नाई, नुसतं टिपायचं, जसं लेकराच्या डोळ्याचं पानी टिपतो तसं. खालच्या धोतरावर हिरवं उतरलं. धोतर सरकवलं, कोरी जागा घेतली, पुन्हा टिपलं. मऊ झालेला रंग चमच्याच्या दांडीनं हळूच उचलला, कडेकडून मधात, मधातून कडेले नाई, नाई त पुन्हा तलाव. मंग थंड पान्यात साबन. पुन्हा टरपीन. पुन्हा साबन.

करंगळी निघायले एक तास लागला. पाच बोटं आन एक तळवा, असे दोन पंजे, आन एक यायचा तलाव. शनिवारी सकाळपासून दिवे लागेपर्यंत मी तेच करत होती, लेकरू कंबरेले बांधून, कारन या खेपेले त्याले खाली ठेवायची माही हिंमत नोती. डोकं गरगरे, हाताची साल निघाली. बाई येऊन बसली, म्हने, "वहिनी, दे मी करतो." मी म्हनलं, "बाई, तू गजरा कर, नाक वर ठेव." ते हसली, मी नाई हसली.

पंजे गेले. एका अंगठ्याची सावली राह्यली, कमळाच्या पानाजवळ, माहीत असन त्यालेच दिसन अशी. भोक मी हिरव्या दोऱ्यानं रफू केलं, त्याच्यामुळं उजव्या पोपटाची शेपटी डाव्यापेक्षा दोन बोटं लांब झाली. चोचीखालचं गुलाबी टिपून टिपून फिक्कं केलं. रविवारी सकाळी उन्हात टाकला, ऊद घातला, पलंगावर पसरला. मामीजीनं चारीकडून पाह्यला, मान हालवली. पेटी मात्र दारापाशीच होती.

पाहुने तीन आले. मुलगा, त्याचे वडील, आन त्याची आई. मुलगा पूर्न वेळ पंख्याकडे पाहे. आमच्याकडे पंखा नोता, जिथं असता तिकडे पाहे. वडील खुर्चीवर बसले. अमरावतीवाल्या बाईले मामीजीनं पलंगावर बसवलं, पोपटायच्या बरोबर मधात. त्या अंगानं भरेल, दुपारची येळ, खोलीत दाटी. त्या बसल्या, पलंगपोस गरम झाला, आन उदाच्या खालून टरपीन वर आलं.

अमरावतीवाल्या बाईनं नाक हालवलं. एकदा. दुसऱ्यांदा. मंग म्हनल्या, "घरात कोनी आजारी आहे काय जी?"

मामीजी म्हनल्या, "नाई बाप्पा. काहून?"

"टरपिनाचा वास येते. आमच्या सासूबाईले आमी सांध्यायले लावत होतो ना, म्हून समजला."

मामाजी छताकडे पाहात राह्यले. हे दाराकडे. मामीजी घाईघाईत म्हनल्या, "माहे गुडघे. माहे गुडघे दुखतात जरासे."

"अस्सं. लय दिवसाचे काय?"

"नाई, आता... थंडीपासून."

झालं. मंग मामीजीले लंगडनं भाग पडलं. शिऱ्याच्या बश्या घेऊन त्या आतून आल्या त डाव्या पायानं लंगडत आल्या, पानी घेऊन आल्या त इसरून उजव्या पायानं. मी दारातून पाहे. अमरावतीवाल्या बाईच्या ध्यानात पाय आले. त्यायनं नवऱ्याकडे पाह्यलं. वडील खाकरले.

"ताई, गुस्सा नोका करू, पन आमाले इचारनं भाग आहे. हे सांध्याचं दुखनं तुमच्या खानदानीत आहे काय? म्हन्जे तुमच्या आईले होतं काय? कारन आईचं पोरीले येते."

"नाई नाई, माह्या मायले काईच..."

"मंग पोरीले थोडं चालून दाखवायले सांगा."

बाईले चालवलं. खिडकीपासून दारापर्यंत. बाई सायकल चालवनारी, ताडताड चालते, पन चार दिवस मामीजीनं तिले "हळू चाल, लाजत चाल" असं शिकवलं होतं, त ते पाय असे जपून ठेवे की दुखतातच वाटे. अमरावतीवाल्या म्हनल्या, "पुन्हा चाल बरं बाई." ते पुन्हा चालली. अजूनच जपून. वडिलायनं चिवड्याची बशी खाली ठेवली. अर्धी. माह्या नजरेपुढं ते बशी आन पडवीतली पेटी, दोन्ही एकदम आल्या.

मले समजलंच नाई मी कवा आत गेली. लेकरू कडेवर, पदर डोक्यावरून खाली, आन तोंड सुटलं ते सुटलंच. "नाई जी, मामीजीचे गुडघे चांगले आहेत, त्या माळ्यावर चढतात, बाईचे पाय चांगले आहेत, ते रोज सायकलनं जाते, कोनाले काई नाई झालं, पलंगपोसाले रंग लागला होता, या लेकरानं लावला, हात हिरवे होते त्याचे, मी दूध उतरवायले गेलती, वाळून गेला होता रंग, ताकानं निघाला नाई, सोड्यानं निघाला नाई, मंग टरपीन लावलं मी, त्याचा वास आहे हा, मानसाले नाई लावलं जी, कापडाले लावलं."

मामीजी लंगडत आल्या होत्या, तशाच उभ्या राह्यल्या, एक पाय उचलून. लेकरानं अमरावतीवाल्या बाईकडे पाहून दोन्ही हात दाखवले, जसे ते सगळ्यायले दाखवते.

अमरावतीवाल्या बाई उठल्या. पलंगपोसाचा कोपरा उचलला आन उलटा केला. उलट्या बाजूनं पाहायले लागल्या, नाकाजवळ नेऊन. ते पाहानं मी ओळखलं. ज्यानं स्वतः डाग काढले तोच उलट्या बाजूनं पाहाते.

"मांगून टिपलं काय?"

"हो जी."

"खाली काय ठेवलं?"

"जुनं धोतर."

"गरम पानी नाई ना लावलं?"

मी मामीजीकडे पाह्यलं नाई. "पयल्या दिवशी लागलं जरासं."

"त्यानंच चोच गेली." त्यायनं पोपटाच्या गळ्यावर बोट ठेवलं. मंग शेपटीवर. "आन हे?"

मामाजी खाकरले. मी म्हनलं, "शेपटी लांबच आहे जी त्याची."

त्यायनं एक डाव माह्या हाताकडे पाह्यलं, साल निघेल, नखायच्या कडा हिरव्या. मंग बाईच्या हाताकडे, गोरे, मऊ, शाईचा एक डाग. आन मंग त्यायनं इचारलं, सहज, कोपरा खाली ठेवता ठेवता, "भरलं कोनं?"

मामीजीनं पाय खाली ठेवला. एवढा आवाज आला त्या पायाचा.

खरं बोलायची माही जेवढी ताकद होती ते गुडघ्यायवर खर्च झाली होती. मी म्हनलं, "बाईनं."

"बरं," अमरावतीवाल्या म्हनल्या. "बरं आहे." वडिलायनं राहिलेला चिवडा खाल्ला नाई. उठताना वडील म्हनले, "कळवतो."

ते "कळवतो" आइकून मामीजी आत गेल्या आन भिंतीकडे तोंड करून बसल्या. मामाजी म्हनले, "खिडक्यायकडे कोनी पाह्यलंच नाई." बाई मले मिठी मारून रडली आन रडता रडता हसली, म्हने, "वहिनी, आई दोन्ही पायानं लंगडली!" मी पेटीत लेकराचे झबले ठेवायले लागली.

सोमवार आला. मोटार गेली. मामीजीनं मले पाठोलं नाई, पन पेटीही आत घेतली नाई. "पत्र येऊ दे," एवढंच म्हनल्या. पत्र आलं की जाशीन, असं त्याच्यात होतं. आठ दिवस मी झाडू मारला, सैपाक केला, आन पोष्टमनच्या सायकलचा आवाज आला की पानी प्यायले पडवीत जाऊन येत होती.

नवव्या दिवशी कार्ड आलं. दुपारची येळ, मानसं कामावर, बाई काकूकडे. वाचनारी मी एकटी. मामीजी चुलीपुढं बसल्या होत्या, म्हनल्या, "वाच."

अक्षर बाईमानसाचं होतं, मोठं, गोल. मी बोट ठेवून वाचायले लागली. "सप्रेम नमस्कार... आमी सर्व येथे खुशाल... मुलगी..." पुढचा शब्द कार्डाच्या कडेले दाबून लिहिला होता.

"मुलगी काय? वाच ना वो!"

"पसंत आहे."

मामीजीनं हातातली फुंकनी खाली ठेवली. मंग डोळ्याले पदर लावला. मंग म्हनल्या, "धूर आहे चुलीत. पुढं वाच."

पुढं असं होतं की लगन वैशाखात धरावं. हुंड्याचं काई नाई. फकस्त रुखवतात मुलीच्या स्वतःच्या हातचे सहा पलंगपोस मांडावे, पोपट असेच पायजेत, शेपट्या सारख्या ठेवाव्या. "मुलीच्या स्वतःच्या हातचे" या शब्दायखाली रेघ मारली होती. एक नाई, दोन. आन शेवटी, "मुलीच्या वहिनीस माझे विशेष आशीर्वाद. तिच्या हाताची साल भरली असेल अशी आशा आहे."

मी कार्ड मामीजीले देल्लं. त्यायले वाचता येत नाई, पन त्यायनं त्या दोन रेघायवर बोट फिरवलं. लय येळ. मंग त्या उठल्या, पडवीत गेल्या, माही पेटी उचलली, स्वतः उचलली, आन आत आनून माळ्यावर ठेवली, मांगच्या बाजूले, भांड्यायच्या पाठीमांगं.

"सा पलंगपोस होईतोवर कुठी जायचं नाव काढू नोको," त्या म्हनल्या. जसं मीच जायले निघाली होती.

"मामीजी, वैशाखापर्यंत सा होनार नाई. लेकरू कंबरेवर असते, सुई टोचन त्याले."

मामीजीनं लेकराकडे पाह्यलं. दहा मयन्यात त्यायनं ते तेल लावायपुरतं घेतलं असन. त्यायनं हात पुढं केले आन ते माह्या कडेवरून उचलून आपल्या कडेवर घेतलं. लेकरानं त्यायले हात दाखवले. "पाह्यले रे बाबा, पाह्यले तुहे हात," त्या म्हनल्या आन त्याले घेऊन चुलीपुढं बसल्या. "तू भरत बस. पक्का दोरा आनायले सांगतो तुह्या नवऱ्याले. आन सारखी सारखी उठू नोको, दूध मी पाहातो."

मी पडवीत बसली, जिथं पेटी होती तिथंच, ऊन चांगलं येते म्हून. चौकट ताणली, सुई ओवली. बारा पोपट भरायचे होते. पयल्या पोपटाची नुसती चोच भरायले मी दोन दिवस लावले, आन मामीजीनं इचारलं त सांगतलं, चोचीचं काम लय बारीक असते.